लुक्यानचं नाव

फादरांच्या हाताखालचा डीकन एव्लाम्पी प्रार्थना म्हणता म्हणता मध्येच अडला आणि क्रुतोयारच्या चर्चमध्ये उभी असलेली तीनशे माणसं मान वर करून त्याच्याकडे बघू लागली.

"परम धर्मनिष्ठ, सर्वसत्ताधीश, थोर अशा आमच्या..." एवढं तोंडून गेलं होतं. पुढे झाराचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट, यायचं. बावीस वर्षं दर रविवारी ते न चुकता आलं होतं. आज कसं येणार? झार गुरुवारीच गादी सोडून मोकळा झाला होता. पोलीसप्रमुख ब्रांदुकोवनं ती बातमी देणारी तार खिशात दाबून ठेवली होती, पण रेल्वेची माणसं काय मुकी असतात? शनिवारी दुपारपर्यंत बाजारातल्या मासळीवाल्यांनासुद्धा सगळं पाठ झालं होतं.

"अरे, थांबलास का?" फादर मित्रोफान वेदीच्या खोलीच्या दारातून कुजबुजले.

"कुणासाठी मागू, फादर?"

"बिशपांचा नवा हुकूम आलेला नाही. जुनंच म्हण."

"जुना तर घरी गेला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे, ब्रांदुकोव तलवार लावून उभा होता. तो वळलासुद्धा नाही. "डीकन," तो म्हणाला, "पुढे म्हण. नाहीतर इथूनच उचलून नेईन." नेलाही असता. दाराशी दोन शिपाई उभे होते आणि एव्लाम्पीच्या घरी लग्नाच्या पाच मुली होत्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत उस्तिन्या धोबीण पुढे आली. सोड्यानं सोललेल्या हातात कागदाची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी सगळ्या गावाला माहीत होती. मेलेल्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, डीकननं ते मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी दया मागायची. त्याशिवाय जीवाला शांती नाही. उस्तिन्याच्या शिपाई मुलाला, लुक्यानला, मात्र ती मिळाली नव्हती. राजधानीत संपकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला तेव्हा त्यानं बंदूक खाली ठेवली होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच भिंतीशी उभा केला होता. "गद्दाराचं नाव माझ्या गावात घ्यायचं नाही," असं ब्रांदुकोवनं सांगून ठेवलेलं. पानगळीपासून दर रविवारी ती चिठ्ठी द्यायची आणि दर रविवारी एव्लाम्पी खाली बघत ती परत करायचा. चांगला माणूस होता हो, पण भित्रा.

"एव्लाम्पी बाबा," उस्तिन्या म्हणाली, "जागा रिकामी झालीय ना? मग माझ्या पोराला बसवा तिथं."

फादर मित्रोफान वेदीचं दार सोडून बाहेर आले. "अगं बये, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तिथं राजाचं नाव घेतात!"

"घेतलंत ना इतकी वर्षं? काय दिवे लावले त्यानं? माझ्या पोरानं कुणालाच मारलं नाही, फादर. म्हणून तर मेला."

एव्लाम्पीनं हात पुढे केला. त्यानं चिठ्ठी घेतली.

"घेऊन तर दाखव नाव!" ब्रांदुकोव गरजला. "शिपाई! पकडा रे ह्याला!"

दाराशी हालचाल झाली नाही. एक शिपाई शेजारच्या मेणबत्तीची वात सरळ करत बसला. दुसरा म्हणाला, "प्रार्थना चाललीय, साहेब. संपू द्या."

एव्लाम्पीनं छाती भरून श्वास घेतला. त्याचा आवाज असा, की मोठ्या सणाला खिडक्यांच्या काचा वाजायच्या. इतके रविवार गिळलेलं सगळं आज त्या आवाजात आलं.

"परम धर्मनिष्ठ, थोर अशा आमच्या लुक्यानसाठी! धोबिणीच्या मुलासाठी! बंदूक खाली ठेवणाऱ्या शिपायासाठी! प्रभूकडे दया मागू या!"

गाणारे गोंधळले. त्यांना सूर धरायला जमेना, तेव्हा लोकांनीच धरला. आधी मासळीवाल्यांनी, मग रेल्वेच्या माणसांनी, मग सगळ्यांनी. "प्रभू, दया कर!" तीनशे हात कपाळाकडे गेले, छातीवर क्रूस काढला आणि तीनशे कमरा वाकल्या.

आणि ब्रांदुकोवही वाकला. हो, तोसुद्धा! चाल तीच, जागा तीच. या ओळीला सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा खाली वाकायची वीस वर्षांची सवय. अंग काय विचारायला थांबतं? छातीवरची पदकं लोंबून खणखणली, तेव्हा कुठे आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. मानेपर्यंत लालबुंद होऊन तो वर उठू लागला.

उस्तिन्या त्याच्या अगदी शेजारी उभी होती. ती एकटीच वाकली नव्हती.

"वाकलेलेच राहा, साहेब," ती म्हणाली. "राजाचं नाव बापाच्या नावासकट घेतात. लुक्यानच्या बापाचं अजून घ्यायचंय."