वरच्या फळीवरची बरणी

लॅपटॉपवर योगाचा ऑनलाइन वर्ग लावून, हॉलमध्ये चटई पसरून हे आडवे झाले की मी फोडणी द्यायचीही थांबते, कारण मोहरी तडतडली की म्हणे ह्यांचा ताण वाढतो. रिटायर झालेल्या माणसाला कसला ताण, ते मी विचारत नाही.

खरं दुखणं माझं होतं. खांदा आखडल्यामुळे वरच्या फळीवरची गुळाची बरणी मला काढता येत नव्हती. ह्यांना सांगितलं की डोळे मिटूनच उत्तर यायचं, "अगं, श्वास चालू आहे." तो मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. थोड्याच वेळात त्याचं घोरणं व्हायचं.

लॅपटॉपमधली बाई मात्र गोड आवाजात शिकवत राहायची. श्वास घेत हात हळू वर न्या, दुखेल तिथे थांबा, मग सोडा. ऐकायला कोणीच नाही, म्हणून कणीक मळून झाली की ओट्यापाशी उभी राहून मीच तिचं ऐकायला लागले. रोज थोडं थोडं, उन्हाळाभर.

आज मी हात वर केला आणि बरणी खाली घेतली. कुठे कळ आली नाही.

"सगळ्यांनी सामंतांच्या घरी बघा," लॅपटॉपमधून बाई म्हणाली. "हात किती अलगद वर गेला. ह्याला म्हणतात मनापासून केलेला सराव."

पडद्यावर 'सामंत' लिहिलेल्या आमच्या चौकटीत, ह्यांच्या पोटामागे स्वयंपाकघराच्या दारातून मी दिसत होते, बरणी धरून.

हे दचकून जागे झाले. मागे वळूनही न बघता हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "सगळं तुमचं मार्गदर्शन, मॅडम."