आदल्या दिवशीचा फोन

"तुमच्या सरांचं हे मत तुम्हाला मान्य आहे का?" प्रेमलताबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, आणि प्रीतीच्या तोंडचं पाणीच पळालं.

असं कोणी विचारतं का? पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, तीही खुली. समोर पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत खुद्द आनंदराव सर, प्रीतीचे मार्गदर्शक. मागच्या रांगांत विभागातली पोरं, आणि कडेला नवी साडी नेसून बसलेली तिची आई अंजनाबाई. बुटीबोरीच्या सूतगिरणीत पाळ्या करून तिनं लेकीला शिकवलं होतं. आज पदवी मिळाली की प्रीतीची कॉलेजातली नोकरी पक्की होणार होती, आणि आईची गिरणी सुटणार होती.

विषय होता ज्ञानोदय आणि युरोपचं साहित्य. अठराव्या शतकात तिकडचे विचारवंत सांगू लागले, की राजा म्हणतो म्हणून मानू नका, पाद्री म्हणतो म्हणून मानू नका. स्वतःची बुद्धी चालवा. मग गोष्टीही बदलल्या. राजपुत्र मागे पडले, आणि कादंबरीत मोलकरणी अन् अनाथ पोरं पुढे आली. आनंदराव सरांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. 'ज्ञानोदयानं मोलकरणीला साहित्यात बरोबरीची जागा दिली,' हे त्यातलं वाक्य विभागातल्या पोरापोरीला तोंडपाठ. पेपरात ते उतरवलं की मार्क ठरलेले. कोणाच्या सांगण्यावरून काही मानू नका, हेसुद्धा पोरं सरांच्या सांगण्यावरून मानत. आता काय म्हणावं!

प्रीतीला मात्र ते वाक्य पटत नव्हतं. प्रबंधात तिनं त्यावर एक प्रकरणच लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. बस्स! सर बोलले नाहीत म्हणजे सरांना लागलं, असा विभागातला पक्का समज. तिच्याबरोबर संशोधन करणारा पियूष म्हणालाच, "काहून विषाची परीक्षा घेऊन राहिली? काढून टाक ना." आई म्हणाली, "सरांले कायले दुखवतं वं? हो म्हणायले आपलं काय जाते?" प्रीतीनं ते प्रकरण काढून टाकलं. काढताना रडली. काढल्यावर, खोटं कशाला बोला, तिला जरा हलकंही वाटलं. सरांनी नवा प्रबंध चाळला, सही केली, आणि तेव्हाही गप्पच राहिले.

आज सकाळी पियूषनंच धीर दिला होता. "घाबरतं काहून? आदल्या दिवशी गाईडचा परीक्षकाले फोन जातेच. आपल्या सरांनीबी केलाच असन. दोन सोपे प्रश्न, मंग जेवण." यात खोटं काही नव्हतं. पोरगी चांगली आहे, जरा सांभाळून घ्या, एवढं सांगायचा तो फोन. सगळेच गाईड करत, कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

आणि सांभाळून घ्यायचं सोडून बाई नेमकं सरांच्या त्याच वाक्याबद्दल विचारत होत्या.

प्रीतीनं सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते. 'हो' म्हणायला असं काय लागतं? शब्द ओठांवर आलाच होता. तेवढ्यात तिची नजर आईकडे गेली. रात्रभर गिरणीत उभी राहून आलेली अंजनाबाई बसल्या जागी पेंगत होती. लेकीची पर्स तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"नाही मॅडम," प्रीती म्हणाली. "मला मान्य नाही."

मागच्या रांगेत पियूषनं कपाळावर हात मारला.

"त्या कादंबऱ्यांतली मोलकरीण दिवसभर राबते आणि रात्री दिव्याजवळ बसून पानंच्या पानं पत्रं लिहिते. माझी आई गिरणीतून आली की जेवता जेवता झोपते, मॅडम. लेखकांनी मोलकरणीला आपली बुद्धी दिली, पण तिचा थकवा त्यांना दिसलाच नाही. तिला साहित्यात जागा मिळाली. बरोबरीची नाही मिळाली. सरांचं पुस्तक वाचूनच मी या विषयाकडे आले. पण इथं सरांचं चुकलं, असं मला वाटतं."

सरांनी डोळे उघडले नाहीत. बाईंनी पुढं काहीच विचारलं नाही. कागद आवरले आणि दोघं आतल्या खोलीत गेले.

संपलं, प्रीतीला वाटलं. पदवी गेली, नोकरी गेली. आणि ज्यांनी पोटच्या पोरीसारखं शिकवलं, ते सरही गेले. तेच जास्त लागत होतं. अंजनाबाई दचकून जागी झाली. "झालं का वं?"

"झालं, आई."

दार उघडलं. सरांनी उभं राहून कागद वाचला. पदवी देण्याची शिफारस होती. टाळ्या वाजल्या, पियूषनं तर शिट्टीच मारली. प्रीती सरांपुढे वाकली, तसे त्यांनी तिला वरच्यावर धरलं. "जेवणाचं पाहतो," एवढंच म्हणून ते बाहेर निघून गेले.

जेवणाच्या वेळी प्रीतीनं प्रेमलताबाईंच्या ताटात भाजी वाढली. बाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"माझ्यावर रागावू नकोस हं. तो प्रश्न माझा नव्हता. काल तुझ्या सरांचा फोन आला होता."

प्रीतीनं हातातलं भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणाले, 'पोरीनं मले भिऊन एक प्रकरण काढून टाकलं. मी ठेव म्हटलं असतं, तर तेबी माझं ऐकूनच ठेवलं असतं तिनं. म्हणून चूप राहिलो. उद्या तिले तेच विचारा. अन् सरांचंच बरोबर आहे म्हणाली, तर पदवी देऊ नका.'"