भिंतीवरचा धूर

तपासणीच्या दिवशी कारखान्याची भट्टी हटकून बंद असते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नगरपालिकेचे साहेब आजींच्या खिडकीतून चिमणीकडे बघत होते.

"धूर कुठाय, आजी? परवाना अडवू तरी कशावर?"

"नातीचा खोकला ऐका की! आणि जरा मागं बघा."

मागच्या भिंतीवर उन्हानं चिमणीची, खाटेची आणि खाटेवर बसलेल्या नातीची सावली पाडली होती. सावलीतल्या चिमणीतून धूर निघत होता.

साहेबांनी पुन्हा बाहेर पाहिलं. चिमणी थंडच होती.

भिंतीवरचा धूर हळूहळू नातीच्या सावलीभोवती गोळा झाला. खोकला एकदम थांबला.

"बघा, थांबली बिचारी," साहेब सुटकेनं म्हणाले.

धूर विरला. भिंतीवरची खाट रिकामी होती. आजींना वळून खऱ्या खाटेकडे बघवेना.