खांद्यातलं दूध

शालनने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या खांद्यापाशी खडूच्या तुकड्यासारखा पांढरा डाग होता. हात वर जात नाही म्हटलं की घरात सगळे "नाटकं" म्हणायचे. आता तरी पुरावा मिळाला होता.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"कॅल्शियम साचलंय. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याशी संबंध नसतो त्याचा."

"कॅल्शियम म्हणजे दुधातलंच ना?" सासूबाईंचे डोळे चमकले. "तरी म्हटलं, साय कमी का येते! उगाच मांजरीला मारत होते मी."

लग्न होऊन आली तशी शालन कोरा चहाच पीत होती. या घरात दूध बाप्यांसाठी, हा सासूबाईंचाच नियम. तिने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने हातातला दुधाचा पेला आधी संपवला. मग म्हणाला, "जाऊ दे आई. प्याली असेल थोडं."

दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर शालनने डाव्या हाताने फळीवरचं सायीचं भांडं उतरवलं. आळ आलाच आहे, तर निदान चव तरी बघू. तिने बोटभर साय जिभेवर ठेवली.

इतक्या वर्षांत सवयच मोडली होती. घशाखाली उतरेना.