एकुलती एक विद्यार्थिनी

"पुन्यांदा सांगा," भीमाबाई म्हणाल्या, आणि नात्सुमीनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

जपानीत रजा मागायचं साधं वाक्य होतं. ते तिनं फळ्यावर लिहिलं होतं, दोनदा म्हणून दाखवलं होतं, पोट धरून आजारी पडायचं नाटकसुद्धा केलं होतं.

"समजलं न्हाई?"

"मला समजलं वो. पर एखादीला न्हाईच समजलं, तर दुसरं कसं सांगायचं?"

नात्सुमी हसली. "रजा पायजे तर मला मराठीत मागा. लगेच देते."

तिची मराठी ही अशी, अस्सल केडगावची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली सुप्याच्या जपानी कंपनीत झाली आणि ती नगरला सावेडीत राहायला आली, तेव्हा तिला 'नमस्ते'पलीकडे काही येत नव्हतं. केडगावहून स्वयंपाकाला येणाऱ्या भीमाबाईंनी भाजी चिरता चिरता तिला बोलतं केलं. आता ती मंडईत "लई महाग हाय" म्हणून भाजीवाल्याला गार करायची.

जूनमध्ये तिनं घरबसल्या एक कोर्स धरला होता. परदेशात राहून परक्या लोकांना जपानी कशी शिकवायची, याचा. अट एकच, पण जबर. जपानीचं एक अक्षरही न येणारं माणूस गाठायचं, त्याला सहा महिने शिकवायचं, आणि शेवटी ओसाकाच्या परीक्षक व्हिडिओवर त्याच्याशी बोलणार. विद्यार्थी बोलला तर शिक्षक पास. त्याची दातखीळ बसली तर सहा महिने पाण्यात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? तिनं भीमाबाईंनाच विचारलं. त्या तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर झाल्या.

उत्साह दांडगा. लक्ष मात्र कुठं असायचं, कोण जाणे. वाक्य म्हणा म्हटलं की बाई चार प्रश्न विचारायच्या. हे आधी का आणि ते नंतर का? अक्षर उलटं काढायची खोड लागली तर ती मोडायची कशी? 'मशीन बंद पडलंय' याला काय म्हणतात? स्वयंपाक करणाऱ्या बाईला कसलं आलंय मशीन! मिक्सर असेल, असं म्हणून नात्सुमी सांगून टाकायची. सोमवारी तर भीमाबाईंचा आवाजच फुटत नसे.

"काल दिसभर विहारात हुते," त्या खरखरत्या घशानं सांगत. "लई बोलावं लागतं."

दिवसभर वंदना म्हणायची म्हणजे सोपं काम नाही. नात्सुमीला त्यांचं कौतुक वाटे. ती त्यांना आल्याचा चहा करून देई, पदराला लागलेलं पीठ झटकून देई. वापरून झालेली चित्रांची कार्डं भीमाबाई पिशवीत भरून नेत. नातवंडांना खेळायला होतील, म्हणून नात्सुमी काही बोलत नसे.

एकटी असली की मात्र तिचा धीर सुटायचा. आठ वर्षं ती नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत होती. मार्चमध्ये जपानला परत जायचं होतं. सगळीकडे तिची ओळख एकच, अमक्याची बायको. या खेपेला तिला स्वतःच्या नावावर काहीतरी घेऊन जायचं होतं, आणि ते सगळं येऊन अडलं होतं भीमाबाईंच्या जिभेवर.

परीक्षा सोमवारी होती.

"उद्या विहारात जाऊ नका," शनिवारी ती काकुळतीला येऊन म्हणाली. "आवाज जाईल."

"जावंच लागंल. उद्या महत्त्वाचं हाय." भीमाबाईंनी तिच्या ताटात भाकरी वाढली. "तुमी आधी जेवा. पिवळ्या पडल्या पार. शिकवणाऱ्यानं उपाशी ऱ्हाऊ न्हाई."

सोमवारी सकाळी भीमाबाई आल्या त्या घसा पार बसवूनच. नात्सुमीला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. तिनं घाईघाईनं चहा पाजला, त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः शेजारी हात आवळून बसली.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी नाव विचारलं. भीमाबाईंनी सांगितलं. गाव विचारलं, घरची माणसं विचारली, पिठलं कसं करतात ते विचारलं. आवाज फाटका होता, पण भीमाबाई एकदाही अडखळल्या नाहीत. पिठलं तर असं सांगितलं की परीक्षक बाईंनी ते लिहून घेतलं. नात्सुमी बघतच राहिली. वर्गात ही बाई जपानीत कधी एवढी बोललीच नव्हती!

परीक्षक बाईंनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला. "इतका सराव कुठे केलात?"

हा प्रश्न तयारीत नव्हता.

"वर्गात," भीमाबाई म्हणाल्या.

"नात्सुमीबाईंच्या वर्गात ना?"

"नाही. माझ्या."

नात्सुमीनं डोळे मिटले. संपलं. भीमाबाईंना प्रश्नच कळला नव्हता.

परीक्षक बाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुमचा कुठला वर्ग?"

भीमाबाई खुर्चीत ताठ झाल्या. तितक्याच सावकाश, तितकेच सुटे शब्द करत, स्वच्छ जपानीत त्या म्हणाल्या, "रविवारचा. जपानी कंपनीत कामाला जाणाऱ्या सतरा मुली आहेत. काल मी त्यांची परीक्षा घेतली. तिघी नापास झाल्या, पण त्यात माझं शिकवणं कमी पडलं, नात्सुमीबाईंचं नाही."