मोडलेल्या खांद्याची भरपाई

कुंदियावा या डोंगरी शहराच्या मैदानावर शाळांची रग्बी लीग चालू होती. धडक देताना डोळे न मिटणाऱ्या चौदा वर्षांच्या सिउनेने पलीकडच्या डोंगरातल्या टोळीच्या पोराला असा आडवा पाडला, की त्याचा खांदा मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला.

दुपारी ती टोळी भाले-कोयते घेऊन सिउनेच्या गावात उतरली. वाटेतली कॉफीची झाडं त्यांनी तोडली, दोन झोपड्या पेटवल्या, आडव्या आलेल्या चुलत्याचं डोकं फोडलं. सिउनेला पाठीशी घालून त्याचा बाप काउपा दारात उभा राहिला. रिवाजाप्रमाणे त्याने घरची सगळी डुकरं समोर आणून बांधली होती.

"भरपाई घ्या आणि पोराला सोडा."

"डुकरं खांदा जोडणारेत का रे?" टोळीचा म्हातारा कोयत्याची धार अंगठ्याने चाचपत म्हणाला. "पोराला बाहेर काढ. त्याला घेऊनच जाणार आम्ही."

काउपाने कुऱ्हाड उचलली. "आधी मला कापा."

 

"कापतंय कोण तुला, येड्या? शनिवारी फायनल आहे. आमचा गडी यानं मोडला, आता आमच्याकडून हाच खेळेल!"