आखाजीची गाडी

"अंगठा दे, अक्का," शेजारचा वना म्हणाला. ओट्यावर त्याने रेल्वेविरुद्धच्या अर्जाचा कागद पसरला होता. "रूळ तुन्ह्या विहिरीवरून जातीन. बठ्ठं गाव अंगठा दी ऱ्हायनं, तू कसाले अडी बसनी?"

तानुबाईंनी तुळशीला पाणी घातलं, पाच प्रदक्षिणा पुऱ्या केल्या, मगच वळल्या.

"गाडी जामनेरहून येईल ना रे?"

"येईल. पण विहीर बुजली तर तू पिशील काय? माझी गुरं रुळाखाली जातील ती वेगळीच."

"कापूस पाचोऱ्याला तासाभरात पोचेल. अडलेल्या बाईला दवाखाना गाठता येईल."

वना हसला. "कापूस नको सांगू, अक्का. तुला गजरी दिसतेय."

गजरा तानुबाईंची एकुलती लेक, जामनेरला दिलेली. बैलगाडीने दीड दिवसाची वाट. सासरचे वर्षातून एकदाच धाडत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बैलांना लगोलग परतीची चाल नको म्हणून मग ती पेरणीच्या तोंडापर्यंत राहायची. तो एक महिना घरात दुसरं माणूस असायचं. उरलेले अकरा महिने तानुबाई दोन भाकरी थापत, एक गाईला घालत.

गाडी झाली तर अमावास्या-पुनवेलाही येईल पोर, असा त्यांचा हिशोब.

त्यांनी अंगठा दिला नाही. जिचं वावर जाणार त्याच बाईची तक्रार नाही म्हटल्यावर अर्जात दम राहिला नाही. मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या. विहिरीत मुरूम पडला तेव्हा तानुबाई काठाशी उभ्या होत्या. नवऱ्याने खणलेली विहीर. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं आणि गजरा गाडीने येईपर्यंत गूळ खाणार नाही असं मनाशी बोलून टाकलं.

पुढची दोन वर्षं त्यांनी नदीवरून पाणी आणलं. पाणवठ्यावर बाया सरकून बसत.

"रेल्वेची सासू आली, जागा द्या व माय!" एखादी म्हणे. तानुबाई घागर भरून परतत.

आखाजीच्या चार दिवस आधी गाडी सुरू झाली. जामनेरहून निरोप आला, गजराला सकाळच्या गाडीने धाडतो. तानुबाईंनी सांजोऱ्या तळल्या, पापडाचं पीठ भिजवलं, झोक्याला नवा दोर आणला. एक गोधडी जास्तीची उन्हात टाकली.

थांब्यावर वनाही आला होता. इंजीन दिसलं तसा तो पुटपुटला, "दिसते तर नामी, अक्का."

गजरा उतरली. मागून तिचा दीर लोटन उतरला. मायलेकी गळ्यात पडल्या. नाकात धूर, डोळ्यांत पाणी.

"वाळलीस गं."

"तूच वाळलीस, माय."

डोळे पुसून तानुबाई सामानाच्या डब्याकडे निघाल्या. "गाठोडं उतरवून घे रे वना. महिन्याची लुगडी असतील, जड असेल."

"गाठोडं नाही आणलं, मावशी," लोटन म्हणाला. "आमनी माय म्हणे, मुक्काम व्हता तो बैलेसपायी. आते कसाले?"

गजराने खाली बघत पदराची गाठ सोडली. आत दुसरं तिकीट होतं, आजच्याच संध्याकाळच्या गाडीचं.